इतिहासातील एक 'जर' : मुस्लिम समाज, इहवादी लोकशाही आणि हमीद दलवाई

(द्वितीय वर्ष, कला)

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,' अशी आपल्याकडे म्हण आहे. इतिहासाच्या तासाला कोणी 'जर' हा शब्द उच्चारला की ही म्हण हटकून ऐकायला मिळते. तरीही मराठी माणसाचे 'जर'वर फार प्रेम आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? थोरले माधवराव १७७२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले नसते तर? हे प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो आहोत. बहुतेक वेळा ते हळहळण्यासाठी विचारले जातात. समजून घेण्यासाठी क्वचितच.

प्रस्तुत लेखात अशाच एका 'जर'चा विचार करावयाचा आहे. 'एखाद्या मुस्लिमबहुल देशात इहवादी लोकशाही रुजली असती तर जगाचा इतिहास कसा झाला असता?' असा तो प्रश्न आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर आधीच तयार असते. एकजण म्हणतो, 'ते शक्यच नव्हते. त्यांच्या धर्मातच ते बसत नाही.' दुसरा म्हणतो, 'बाहेरच्यांनी ढवळाढवळ केली नसती, तर ते केव्हाच झाले असते.' दोघेही अभ्यासाचे कष्ट वाचवितात. मोहल्ल्यातून पदवीपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला हा प्रश्न असा दोन वाक्यांत सोडून देणे परवडणारे नाही. कारण पहिले उत्तर खरे मानले, तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील निम्मी प्रकरणे माझ्यासाठी लिहिलेलीच नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

'जर'चे नियम

'जर' विचारायला हरकत नाही, पण त्याला काही शिस्त हवी. पहिली गोष्ट अशी की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माधवरावांना आयुष्य द्यावे. पण त्याच वेळी इंग्रजांच्या तोफाही काढून घेऊ नयेत. दुसरी अशी की, बदललेली गोष्ट त्या काळी खरोखर शक्य असली पाहिजे. म्हणजे तसे व्हावे असे वाटणारी, त्यासाठी धडपडणारी माणसे त्या काळात सापडली पाहिजेत. आणि तिसरी अशी की, आपल्याला आवडणारे उत्तर आले की तेथेच थांबू नये. त्याची दुसरी बाजूही तपासावी.

'इहवादी लोकशाही' हा शब्दही थोडा सोडवून घेतला पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला. व्यासपीठावरील भाषणांत त्याचा अर्थ 'सर्वधर्मसमभाव' असा सांगितला जातो. अभ्यासासाठी मात्र मला तीन कसोट्या उपयोगी वाटतात. पहिली राज्याची : राज्याला स्वतःचा धर्म आहे काय? दुसरी मताची : लोकांना सरकार बदलता येते काय? तिसरी घराची : लग्न, काडीमोड, पोटगी, वारसा यांत स्त्रीपुरुषांना एकच न्याय आहे काय? या तीन गोष्टी एकाच वेळी येतात असा आपला समज असतो. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

तुर्कस्तान : हुकमाने आलेला इहवाद

या विषयात पहिले नाव निघते ते मुस्तफा केमाल पाशाचे. १ नोव्हेंबर १९२२ रोजी सुलतानशाही संपली, २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले, आणि ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या विधिमंडळाने खिलाफतच रद्द केली. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात १९१९ पासून सभा, हरताळ आणि असहकार झाला, ती इंग्रजांनी नव्हे तर तुर्कांनीच मोडीत काढली, हा त्या काळातील मोठा विरोधाभास होय.

पुढची पावले भराभर पडली. १९२६ साली स्विस कायद्याच्या धर्तीवर नवा नागरी कायदा आला आणि बहुपत्नीत्व बंद झाले. १९२८ साली राज्यघटनेतून 'राज्याचा धर्म इस्लाम' हे कलम गेले. त्याच वर्षी अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. १९३४ साली स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला. फ्रान्समधील स्त्रियांना त्यासाठी १९४४ सालापर्यंत थांबावे लागले. १९३७ साली इहवाद हे तत्त्व घटनेत लिहिले गेले.

आपल्या कसोट्या लावल्या तर राज्य आणि घर या दोन्ही परीक्षांत तुर्कस्तान उत्तीर्ण झाले. मताच्या परीक्षेला मात्र ते बसलेच नाही. १९२५ साली एक विरोधी पक्ष बंद करण्यात आला. १९३० च्या ऑगस्टमध्ये केमालच्याच सूचनेवरून त्याचे मित्र फेथी यांनी 'मुक्त प्रजासत्ताक पक्ष' काढला. लोकांची एवढी गर्दी त्याच्या सभांना लोटली की सरकारच हबकले, आणि तीन महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, तोही पक्ष विसर्जित झाला. लोकांना खरी निवड करता आली ती थेट १४ मे १९५० रोजी. त्या दिवशी केमालचा वारसा सांगणारा पक्ष हरला आणि अध्यक्ष इस्मत इनोनू यांनी शांतपणे सत्ता सोडली.

येथे आपला पहिला 'जर' ठेवता येईल. १९३० सालचा तो पक्ष टिकला असता तर? हा 'जर' आपल्या नियमात बसतो, कारण एकच गोष्ट बदलायची आहे आणि ती तीन महिने प्रत्यक्षात घडलेलीही होती. मला वाटते, सुधारणांच्या बाजूने लोकांपुढे जाऊन बोलण्याची सवय सुधारकांना वीस वर्षे आधी लागली असती. इहवाद म्हणजे सरकारी हुकूम आणि धर्म म्हणजे विरोधकांचा आवाज, अशी जी फाळणी पुढे लोकांच्या मनात झाली, ती इतकी खोल गेली नसती.

पण तिसऱ्या नियमाप्रमाणे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेनेमेन या गावी शरियतचे राज्य मागणाऱ्या जमावाने कुबिलाय या तरुण शिक्षकाचा, जो तेव्हा लष्करात राखीव अधिकारी होता, शिरच्छेद केला. खुल्या निवडणुका झाल्या असत्या, तर चार वर्षांचा नवा नागरी कायदा टिकला असता काय? कदाचित नाही. म्हणजे केमालची भीती अगदीच खोटी नव्हती.

तरीही हुकमाने आलेल्या गोष्टीची किंमत द्यावी लागतेच. लोकांनी न राखलेला इहवाद लष्कराला राखावा लागला. १९६० साली लष्कराने सत्ता घेतली आणि निवडून आलेले पंतप्रधान मेंदेरेस यांना १९६१ साली फाशी दिली. १९७१ व १९८० साली पुन्हा लष्कर पुढे आले. १९९७ साली लष्कराच्या दडपणाने एक सरकार गेले. इस्तंबूलचे आया सोफिया १९३४ च्या एका सरकारी निर्णयाने संग्रहालय झाले होते. २०२० साली न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि अध्यक्षांच्या एका हुकमाने तेथे पुन्हा मशीद झाली. जे सहीने येते ते सहीने जाऊही शकते.

बांगला देश : लोकांनी मागितलेला इहवाद

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. भाषेच्या प्रेमातून आणि १९७१ च्या रक्तपातातून जन्मलेल्या बांगला देशाने १६ डिसेंबर १९७२ रोजी अमलात आलेल्या घटनेत राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही चार तत्त्वे लिहिली. आपल्या उद्देशिकेत हा शब्द त्यानंतर चार वर्षांनी आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे नेहमीचा 'जर' असा असतो : १५ ऑगस्ट १९७५ रोजी शेख मुजीब यांची हत्या झाली नसती तर? माझ्या मते हा 'जर' चुकीच्या तारखेवर उभा आहे. त्याच वर्षी जानेवारीत चौथ्या घटनादुरुस्तीने देशात एकपक्षीय राजवटीची वाट मोकळी झाली होती. म्हणजे मताचे दार मुजीब यांच्या हयातीतच, त्यांच्याच सरकारने लावून घेतले. पुढे झियाउर रहमान यांनी १९७७ साली घटनेतून धर्मनिरपेक्षता काढली, तेव्हा तिच्यासाठी भांडायला मोकळी संसदच उरली नव्हती. १९८८ साली इर्शाद यांच्या काळात इस्लाम हा राज्यधर्म झाला. २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने धर्मनिरपेक्षता परत आली. पण राज्यधर्माचे कलमही तसेच राहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने सरकारच उलथून टाकले.

तुर्कस्तानात इहवाद होता, पण मत नव्हते. बांगला देशात दोन्ही बरोबर आली, पण मत आधी गेले आणि त्याच्या मागोमाग इहवादही गेला. म्हणून १९७५ च्या जानेवारीचा 'जर' मला ऑगस्टच्या 'जर'पेक्षा महत्त्वाचा वाटतो.

घराच्या कसोटीची कथा याहून विचित्र आहे. पाकिस्तानात (आणि म्हणून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातही) १९६१ साली अयूबखान या लष्करशहाने कौटुंबिक कायद्याचा वटहुकूम काढला. दुसरे लग्न करायचे तर लवाद समितीची परवानगी, तलाक द्यायचा तर लेखी सूचना आणि नव्वद दिवसांची मुदत, असे बंधन त्याने घातले. म्हणजे तोंडी तलाकाला आळा घालणारा कायदा इस्लामच्या नावाने स्थापन झालेल्या देशात १९६१ साली आला, आणि इहवादी भारतात त्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले.

सेनेगल : 'जर' नव्हे, 'आहे'

'शक्यच नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी मात्र 'जर'ची गरज नाही. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगल नावाचा देश आहे. तेथील शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक मुसलमान आहेत. १९६० साली तो स्वतंत्र झाला. त्याची घटना इहवादी आहे. या लोकांनी पहिला अध्यक्ष निवडला तो लेओपोल सेदार सेंघोर हा ख्रिस्ती कवी. तो वीस वर्षे अध्यक्ष होता आणि १९८० च्या अखेरीस त्याने स्वतःहून पद सोडले. २०००, २०१२ आणि २०२४ या साली तेथे मतपेटीतून सत्ता बदलली. आफ्रिकेच्या त्या भागात लष्करी उठावांचे पेव फुटलेले असताना सेनेगलमध्ये लष्कराने सत्ता घेतलेली नाही.

वर्तमानपत्रांत सेनेगलबद्दल फारसे येत नाही, कारण तेथे बातमी होण्यासारखे थोडे घडते. पण तोही तिसऱ्या कसोटीत पुरता उतरत नाही. १९७२ च्या कुटुंबसंहितेत लग्नाच्या वेळी पुरुषाला एकपत्नीत्व किंवा बहुपत्नीत्व यांपैकी पर्याय निवडता येतो. राज्य इहवादी झाले, मतपेटी मोकळी झाली, तरी उंबरठ्यापाशी पाऊल अडलेच.

भारत : १९३७ ची दोन टोके

आता आपल्या घरी येऊ. भारत मुस्लिमबहुल नाही हे खरे. पण २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील मुसलमानांची संख्या सुमारे १७ कोटी २२ लाख होती, लोकसंख्येच्या १४.२ टक्के. ही संख्या तुर्कस्तानच्या सबंध लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट भरते. एवढा मोठा मुस्लिम समाज पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, आणीबाणीचे एकवीस महिने वगळता, सरकारे निवडीत आणि पाडीत आला आहे. जगाच्या नकाशावर जो 'जर' आपण शोधीत होतो, त्याचे पहिले दोन भाग राजिवड्यापासून दिल्लीपर्यंत रोजच्या व्यवहारात चाललेले आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. 'अल्पसंख्याकाला इहवाद सोयीचाच असतो; बहुसंख्य झाल्यावर तो तसाच राहील कशावरून?' उत्तर असे की, हा प्रश्न कोणत्याही बहुसंख्याकाला विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. अल्पसंख्याकाची परीक्षा स्वतःच्या घरात होते, बहुसंख्याकाची शेजाऱ्याच्या घराबाबत होते. दोघांनाही पेपर सोपा नाही.

भारतीय मुसलमानांच्या बाबतीत घराचा पेपर कोठे अडला हे पाहायचे तर १९३७ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी तुर्कस्तानने इहवाद घटनेत लिहिला, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाने शरियत कायदा मंजूर केला. या कायद्याला एकदम प्रतिगामी म्हणणेही बरोबर नाही. काही प्रांतांत रूढीमुळे मुस्लिम स्त्रियांना वारसाच मिळत नव्हता. तेथे शरियतने थोडा तरी वाटा दिला. १९३९ च्या कायद्याने तर पत्नीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क मिळाला. थांबले ते त्यानंतर. स्वातंत्र्य आले, घटनेचे चव्वेचाळिसावे कलम आले. पण त्याखाली काम झाले नाही.

हिंदू कायद्याचा मार्ग याच काळात वेगळा झाला. ज्यांचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी झगडा केला, आणि ते रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५५ व १९५६ साली तेच बिल चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडले. हे कायदे केमालच्या कायद्यांइतके झटपट आले नाहीत. पण मागे न्यावेत असे आज कोणताही पक्ष म्हणत नाही. भांडून मिळालेली गोष्ट टिकते ती अशी.

याच कोकणपट्टीत तिसराही एक नमुना आहे. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेले की कायदा बदलतो. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली आहे आणि मुसलमानांना शरियत कायदा लागू नाही. ती संहिता परक्या राजाच्या हुकमाने आली. पण १९६१ नंतर लोकशाहीने ती मोडली नाही. तिच्यातही जुन्या रूढींचे काही अपवाद शिल्लक आहेत. तरी 'या किनाऱ्यावरच्या मुसलमानाला दुसरा कायदा सोसणारच नाही' हे विधान त्या खाडीपाशी संपते.

मिरजोळीचे हमीद दलवाई

आपल्या 'जर'च्या दुसऱ्या नियमाप्रमाणे, बदल मागणारी माणसे त्या काळात असायला हवीत. तशी होती. त्यांतले सर्वांत मोठे नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. हमीद दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी झाला. राष्ट्र सेवा दलात ते वाढले, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त त्यांनी पत्रकारी केली, 'लाट'मधील कथा लिहिल्या, आणि १९६५ साली कोकणातल्या खेड्याचे जळजळीत चित्र काढणारी 'इंधन' ही कादंबरी दिली. मराठी वाङ्मयाने त्यांना एवढ्यावरही लक्षात ठेवले असते.

पण १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर एक मोर्चा गेला. त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा, असे त्यांचे म्हणणे होते. सात म्हणजे किती थोड्या! एका बाकावर चार आणि दुसऱ्यावर तीन बसतील एवढ्याच. तरीही घराची कसोटी मुस्लिम स्त्रियांनी स्वतः रस्त्यावर आणल्याचा हा प्रसंग आपल्याकडे प्रारंभबिंदू मानला जातो.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नावातील 'सत्यशोधक' हा शब्द महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या समाजावरून घेतला होता, आणि तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. दलवाईंनी आदर्श बाहेरून न आणता मराठी मातीतून घेतला. केमालच्या हाती सैन्य होते, अयूबखानाच्या हाती वटहुकूम होता. दलवाईंच्या हाती लेखणी आणि सभेची परवानगी याखेरीज काही नव्हते. म्हणून त्यांना लोकांना पटविण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि लोकशाहीत तोच मार्ग असतो. मुस्लिम जातीयतेवर त्यांनी कठोर टीका केली. तशीच हिंदूंमधील पुनरुज्जीवनवादावरही केली. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्या लिखाणातील आपल्याला सोयीची तेवढीच पाने उघडली, ही त्यांच्या वाट्याला आलेली शोकांतिका होय.

३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धार्मिक विधीविना विद्युतदाहिनीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

दलवाई १९८५ साली असते तर?

२३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानो या वृद्ध घटस्फोटितेला पोटगीचा हक्क असल्याचा निकाल दिला. उच्च न्यायालयाने ठरविलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे होती. एवढ्या रकमेवरून देश ढवळून निघाला, आणि १९८६ साली संसदेने निकालाची धार बोथट करणारा कायदा केला. दलवाई त्या वेळी हयात असते तर बावन्न वर्षांचे असते. ते असते तर हा कायदा अडला असता काय?

मोह होतो तो 'हो' म्हणण्याचा. पण नियम पाळायचा तर 'नाही' म्हणावे लागते. सत्ताधारी पक्षाचे लोकसभेत चारशेहून अधिक सदस्य होते. त्याच सरकारातील आरिफ मोहम्मद खान यांनी निषेध म्हणून मंत्रिपद सोडले, तरी कायदा झालाच. शिवाय दलवाईंनंतर काम बंद पडले होते असेही नाही. मंडळाने १९८५ सालीच महाराष्ट्रात तलाक मुक्ती मोर्चा काढला. बहिणीला मिळालेल्या तलाकामुळे या चळवळीत आलेले सय्यदभाई त्यात आघाडीवर होते. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथनाला 'दगडावरची पेरणी' असे नाव दिले. मेहरुन्निसा दलवाईंनीही पतीच्या पश्चात हे कार्य चालू ठेवले.

म्हणजे उणीव एका माणसाची नव्हती. उणीव होती ती त्या माणसामागे उभा राहील अशा शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या वर्गाची; विशेषतः स्त्रियांची. आपण 'जर'मध्ये नेहमी नायकाला आयुष्य देतो : विश्वासरावांना, माधवरावांना, मुजीबना, दलवाईंना. पण तुर्कस्तानात नायक १९३८ पर्यंत होता, तरी लोक मागे राहिले. म्हणून खरा 'जर' असा विचारला पाहिजे : १९६६ साली सात स्त्रियांऐवजी सात हजार असत्या तर? आणि त्या का नव्हत्या? याचे उत्तर धर्मग्रंथात कमी आणि मुलींच्या शाळेच्या हजेरीपटात जास्त सापडेल, असे मला वाटते.

पुढे घडले तेही पाहण्यासारखे आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थच असा लावला की, घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीत केली पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एकदम दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. या शिक्षेबद्दल सुधारणेच्या बाजूच्या लोकांतही मतभेद आहेत. २०२४ साली न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की मुस्लिम घटस्फोटितेला सर्वसाधारण कायद्यानेही पोटगी मागता येते. हे खटले चालविणाऱ्यांत मुस्लिम स्त्रिया होत्या. सात स्त्रियांच्या मोर्चापासून २०१७ च्या निकालापर्यंत एक्कावन्न वर्षे गेली. केमालने हेच काम एका वर्षात केले असते हे खरे. पण या कामासाठी मतपेटी कोणाला बंद करावी लागली नाही.

समारोप

एवढ्या विवेचनातून काय हाती लागते? मुस्लिमबहुल समाजात इहवादी लोकशाही अशक्य आहे, हे विधान सेनेगलने खोटे ठरविले आहे. ती एका थोर पुरुषाच्या हुकमाने पुरी होते, हे विधान तुर्कस्तानने खोटे ठरविले आहे. ती एकदा घटनेत लिहिली की टिकते, हे विधान बांगला देशाने खोटे ठरविले आहे. आणि राज्य व मत यांची व्यवस्था झाली की घराची आपोआप होते, हे विधान आपण भारतीयांनी खोटे ठरविले आहे.

उरते ती घराची कसोटी; आणि तिच्यासाठी कोणत्याही केमालची वाट पाहण्याची गरज नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे. त्याखाली दुसऱ्या पत्नीला जागा नाही आणि तोंडी तलाकही चालत नाही. दोघेही एकाच धर्माचे असले तरी त्याखाली लग्न करता येते. निकाहच करावयाचा असेल, तर निकाहनाम्यात अटी घालता येतात. पतीने दुसरे लग्न केल्यास विवाह संपविण्याचा अधिकार पत्नीकडे राहील, अशी अट मुस्लिम कायद्यालाही मान्य आहे. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी कित्येक मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि लवकरच कोणत्या तरी कागदावर सही करतात. त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांनी आधी वाचावे, न पटल्यास बदलून मागावे, आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या मुलग्यांनी त्याला मान तुकवावी. लग्नापूर्वी तो कागद वाचायला मागणाऱ्या मुलीला घरातून पहिला प्रश्न येईल, 'तुला विश्वास नाही का?' तिने सांगावे, 'विश्वास आहे, म्हणून तर लिहून घेते आहे.' राज्यघटना तरी दुसरे काय असते, एवढे विचारून हा लेख थांबविते.